हिरव्या ठिपक्याचे घर

सुतारांच्या दारावर हिरवा ठिपका होता, आणि एक्केचाळीस दिवसांत संस्थेचे एकही माणूस त्या दारातून आत आले नव्हते.

गावात पाच संस्था काम करत होत्या. एक पाणी पोचवी, एक दुपारचे जेवण देई, एक जखमांची मलमपट्टी करी, एक जनावरांना चारा पुरवी आणि एक चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, हवेच्या गाद्या असले सामान वापरायला देई. लोक त्यांना पाणीवाले, जेवणवाले, पट्टीवाले, चारावाले आणि खुर्चीवाले म्हणत. पहिल्या वर्षी पाचही संस्थांची माणसे घरोघर जात, घरात माणसे किती, आजारी कोण, वय काय, हेच प्रश्न विचारत, आणि उत्तरे पाच वह्यांत पाच प्रकारे लिहीत. एका आजीने पाचव्याला सांगितले होते, "कालच्याला विचार जा. रात्रीत माझं वय वाढलेलं नाही."

त्यावर पाचांनी एकत्र बसून नियम केला. एका घराला एकच संस्था. ज्या संस्थेकडे घर, तिच्या रंगाचा, बाटलीच्या बुचाएवढा ठिपका दारावर. त्या संस्थेने आठवड्यातून एकदा आत जाऊन चौकशी करायची आणि आणखी काही लागत असेल तर सोमवारच्या बैठकीत बाकीच्यांना सांगायचे. इतरांनी ठिपका पाहून पुढे जायचे. ज्यांना काहीच नको, त्यांच्या दारावर पांढरा ठिपका. तिथे महिन्यातून एकदा, पाळीपाळीने, कोणीतरी विचारून यायचे. हिरवा रंग जेवणवाल्यांचा होता.

व्यवस्था चांगली होती. हे उपरोधाने म्हटलेले नाही. सहा महिन्यांत पट्टीवाल्यांच्या वाया जाणाऱ्या फेऱ्या निम्म्यावर आल्या आणि बऱ्या झालेल्या जखमांची संख्या दीडपट झाली.

सुतारांनी त्या वेळी पांढरा ठिपका घेतला होता. वय सदुसष्ट, पण हात चालत होते. "आम्हाला काय धाड भरलीय?" असे ते ठिपका लावणाऱ्याला म्हणाले होते, आणि वर त्याच्या ब्रशचा ढिला झालेला दांडा बसवून दिला होता. बायको आतून म्हणाली होती, "विचारतायत तर काहीतरी मागा की. निदान दाराला रंग तरी पूर्ण लावून मागा."

त्या वर्षी पाऊस दोनदा येऊन गेला तो गेलाच. विहिरीचे पाणी एकोणीस पायऱ्या खाली उतरले. सुतारांची बायको सतराव्या पायरीवर घसरली. हंडा वरच्या पायरीवर तसाच उभा राहिला, याचे तिला पुढे बरेच दिवस समाधान होते.

खुब्याचे हाड मोडले होते. तालुक्याच्या डॉक्टरने तिचे हृदय तपासले आणि शस्त्रक्रिया झेपणार नाही असे सांगितले. सहा आठवडे सपाट लाकडी फळीवर, पातळ गादी टाकून झोपवायचे. दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे. जखम होऊ द्यायची नाही. झाली तर शहराच्या इस्पितळात ठेवावे लागेल. तिथला बायकांचा विभाग वेगळा होता, आणि पुरुष नातेवाइकाला दिवसातून एक तास आत सोडत.

"मला तिकडे नाही जायचं," ती परतीच्या गाडीत म्हणाली.

"कोण पाठवतंय?"

"तुम्ही नाही पाठवणार. पण तुम्ही कोणाला नाहीही म्हणत नाही."

घरातली खाट दोरीची होती. सुतारांनी दुसऱ्या दिवशी, घरात होते ते लाकूड घेऊन, सपाट पलंग केला. त्याची उंची त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावरून ठरवली, म्हणजे तिला वळवताना कंबरेतून वाकावे लागू नये. मुलगी लांबच्या गावी दिलेली. तिला बाळंत होऊन पंधरा दिवस झाले होते, म्हणून तिला कळवायचे नाही असे दोघांनी ठरवले.

पाचव्या दिवशी, रविवारी, सुतारांनी रस्त्यात जेवणवाल्या बाईला गाठले. तिच्या हातगाडीवर डबे होते आणि एका चाकाचा आस कुरकुरत होता.

"काकू पडल्याचं ऐकलं," ती म्हणाली. "तुम्ही पांढऱ्यातले ना, काका?"

"हो. पण आता जरा मदत लागेल. जेवणाचं माझं मी बघतो. मी कामावर असताना कोणी तिला कुशीवर वळवलं, अंग बघितलं, तर बरं होईल."

"ते पट्टीवाल्यांचं. उद्या बैठकीत सांगते. मग कोणीतरी येऊन ठिपका बदलेल. ठिपका आला की माणसं आलीच समजा."

सुतारांनी तिच्या चाकात तेल घातले आणि ते घरी गेले. त्याच आठवड्यात त्या बाईची बदली दुसऱ्या गावी झाली.

सोमवारी दिवसभर वावटळी उठत होत्या. दार उघडले की फळ्यांवर साठलेली धूळ बायकोच्या तोंडावर येई. सुतारांनी अंधार पडल्यावर ओल्या फडक्याने दार बाहेरून पुसून घेतले, वरपासून खालपर्यंत. मंगळवारी सकाळी विहिरीवरून दुसरी खेप घेऊन येताना त्यांना दारावर हिरवा ठिपका दिसला. त्यांनी हंडा खाली ठेवला.

"अगं, येऊन गेले वाटतं," ते आत जाऊन म्हणाले. "ठिपका लावून गेले."

"मघाशी कोणीतरी थांबलं होतं दारात. आत नाही आलं."

"येतील. आधी ठिपका, मग माणसं."

शेजारची वहिनी तोपर्यंत दुपारची तासभर येऊन बसत असे. ती वळवायला मदत करी, वेणी घाली. तिनेही ठिपका पाहिला.

"बरं झालं भाऊजी," ती म्हणाली. "मला रस्त्याच्या खडीवर बोलावतायत, पूर्ण दिवस. यांचं कसं होणार म्हणून मी अडले होते. आता काय, संस्थाच आली तुमच्याकडे."

"जा की. आमचं होईल."

बुधवारपासून वहिनी खडी फोडायला जाऊ लागली. सगळी गल्लीच जात होती. सकाळी सातनंतर गल्लीत सुतारांची बायको, दोन शेळ्या आणि बंद दारे एवढेच उरत असे.

सुतारांचे काम गावाबाहेरच्या छपरात होते. रस्त्याच्या कामावरचे हातोडे त्यांच्याकडे येत. दगडावर रोज दहा-बारा दांडे मोडत, आणि ते नवे घालून देत. लाकूड तासायचे, हातोड्याच्या भोकात ठोकून बसवायचे, पाचर मारायची. सकाळी आठला निघून ते बाराला घरी येत, बायकोला वळवत, पाणी पाजत, खाली भांडे धरत, पुसत, खायला घालत आणि दोनला पुन्हा जात. मधले चार तास ती एकाच बाजूवर असे. दोन तासांचा हिशेब त्यांना ठाऊक होता. मधल्या वेळी कोणीतरी येणार आहे, असे ते रोज धरून चालत.

बायको दिवसभर दाराकडे कान लावून पडे. तिला चपलांवरून माणसे ओळखू येऊ लागली.

"आज तीन आले," ती सांगे. "एकाच्या चपलेला खिळा आहे. एक बाई आहे, ती दारात थांबून काहीतरी लिहिते. तिसरा खोकतो. तिघंही थांबतात आणि जातात."

"हाक मारायचीस."

"मारली. खोकणारा म्हणाला, 'काकू, तुमच्याकडे हिरवे आहेत, ते येतील.' मी म्हटलं, हिरवे कधी येतात ते बघायला मी पिवळी होऊन बसलेय." मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "तो ठिपका आपल्याला नजर लागू नये म्हणून लावलाय का हो?"

बाराव्या दिवशी पाणीवाल्यांची गाडी चौकात उभी असताना सुतार तिच्याजवळ गेले. गाडीवाला नळीचे तोंड धरून होता.

"आमच्याकडे एक हंडा जास्तीचा मिळेल का? बायको अंथरुणावर आहे. धुणं फार होतं."

"घर कुठलं?"

सुतारांनी सांगितले.

"हिरवं आहे ते. मी आजच बघितलं. हिरव्यांनी सोमवारच्या बैठकीत सांगितल्यावर आमच्या यादीत येईल. परस्पर मी दिलं तर उद्या मलाच विचारतील, कुठून दिलं."

"बरोबर आहे," सुतार म्हणाले. नियम त्यांना खरोखरच बरोबर वाटत होता.

सोळाव्या दिवशी ते काम अर्ध्यावर टाकून जेवणवाल्यांच्या शेडवर गेले. आत मोठी पातेली घासली जात होती. यादी सांभाळणारा तरुण खुर्चीवर मांडी घालून बसला होता. त्याने एकसष्ट नावांवरून बोट फिरवले.

"तुमचं नाव नाही, काका."

"ठिपका आहे."

"हिरवाच आहे ना? निळ्याला कधीकधी लोक हिरवा म्हणतात."

"मी चाळीस वर्षं दारांना रंग लावतोय, बाळ."

तरुण हसला. "मग नाव येईल. कधीकधी ठिपका आधी लागतो, यादी मागून येते. आमच्या त्या बाईंनी घेतलं असेल तुम्हाला, आणि जाताना लिहायचं राहिलं असेल. मी सोमवारी विचारतो."

त्याने विचारले. बैठकीच्या वहीत त्याची नोंद आहे: 'सुतारांचे घर कोणाकडे?' पट्टीवाले म्हणाले की त्यांचा माणूस पहिल्याच आठवड्यात पाहून आला, ठिपका लागलेला आहे. पुढे शेरा आहे: 'लागला आहे.' कोणी लावला, हे कोणी विचारले नाही आणि वहीतही नाही. तरुणाला वाटले की घर कोणातरी सहकाऱ्याकडे गेले.

एकविसाव्या दिवशी दुपारी बायकोला वळवताना सुतारांना माकडहाडावर हाताच्या तळव्याएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबला तरी तो पांढरा होईना. चोविसाव्या दिवशी तिथली कातडी गेली. सुतारांनी धुतलेले जुने कापड फाडून चौकोनी घड्या केल्या आणि उकळलेल्या पाण्याने जखम पुसून त्यावर बांधल्या. त्यांच्या बोटांवर लाकडाच्या कुसळांचे जुने घट्टे होते. त्या बोटांना हलके लागणे जमत नव्हते. ती उशीत तोंड घालून पडे.

"दुखलं का?"

"तुमच्या रंध्याला विचारा, दुखतं का म्हणून."

"हात हलका नाही माझा."

"ठाऊक आहे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कबूल केलंत."

खुर्चीवाल्यांकडे हवेची गादी होती. तिने एका जागी भार येत नाही, असे सुतारांनी कोणाकडून तरी ऐकले होते. ते तिकडे गेले तेव्हा गोदामात अशा चार गाद्या घडी घालून ठेवलेल्या त्यांना दिसत होत्या.

"तुमची संस्था कुठली?" टेबलामागच्या बाईने विचारले.

"हिरवी."

"मग त्यांची चिठ्ठी आणा. आम्ही थेट देत नाही, काका. आधी थेट द्यायचो तर एकाच घरात तीन-तीन जात होत्या, आणि कोणी त्यावर पोरांना उड्या मारायला देत होतं."

सुतार गाद्यांकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी टेबलाचा एक पाय हलतो आहे असे सांगितले, खिशातून पाचर काढली, गुडघ्यावर बसून ती पायाखाली सारली आणि ते निघाले. चिठ्ठी देणारे कोणी त्यांना ठाऊक नव्हते.

त्या दिवसापासून ते कमी बोलू लागले. छपरात दांडे नेणारे मजूर विचारत, "काकू कशा आहेत?" ते म्हणत, "आहे." मजूर म्हणत, "संस्था येते ना?" ते दांड्याला पाचर मारत. उत्तर दिले असते तर आपलीच फजिती सांगितल्यासारखे झाले असते: गावातल्या साऱ्यांच्या घरी जी माणसे जातात, ती आपल्या दारात येऊन परत फिरतात. असे का, हे त्यांना समजत नव्हते. रात्री दिवा विझल्यावर बायकोने एकदाच विचारले, "आपण कोणाचं काही वाईट केलंय का हो?" त्यांनी आठवून पाहिले आणि ते "नाही" म्हणाले.

सोमवारच्या बैठका शाळेच्या ओसरीत होत. एक्केचाळिसाव्या दिवशी तिथला बाक मोडला म्हणून सुतारांना बोलावणे आले. ओसरीच्या एका टोकाला बैठक चालू होती, दुसऱ्या टोकाला सुतार बाकाच्या पायात नवी खुंटी बसवत होते. घरच्या माणसांनी बैठकीत बोलण्याची पद्धत नव्हती. घरांच्या वतीने संस्था बोलत. सुतारांना सगळे ऐकू येत होते. कुठल्या गल्लीत कोणाला चष्मा लागतो, कोणाची शेळी व्यायली, कोणाचा पाय बरा झाला. एका घराविषयी चार संस्थांनी चार वाक्ये बोलून, कोण कधी जाणार हे ठरवायला त्यांना दोन मिनिटेही लागली नाहीत. सुतारांच्या घराचा उल्लेख आला नाही.

खुंटी बसली. सुतारांनी बाकावर बसून तो हलतो का ते पाहिले. मग ते उठले नाहीत.

"काका, झालं का?" बैठकीतून कोणीतरी विचारले.

"बाकाचं झालं," सुतार म्हणाले. "माझं एक विचारायचं आहे. आमच्याकडे कोण येतं?"

सगळ्यांनी जेवणवाल्यांकडे पाहिले. यादीवाल्या तरुणाने पट्टीवाल्यांकडे पाहिले.

"आज एक्केचाळीस दिवस झाले. तिच्या पाठीला खड्डा पडलाय, आत बोटाचं पेर जाईल एवढा. कोणाचं चुकलं म्हणून नाही विचारत. कोण येतं तेवढं सांगा, म्हणजे त्याला सांगतो."

पाचही संस्थांची सामाईक वही एक बाई लिहीत. त्या पूर्वी माती तपासायच्या प्रयोगशाळेत होत्या. लोक त्यांना नोंदवाल्या ताई म्हणत. त्यांनी लेखणीला टोपण लावले.

"कोणीच येत नाही?"

"दारापर्यंत येतात."

ताई तिथूनच त्यांच्याबरोबर निघाल्या, पट्टीवाल्या बाईला सोबत घेऊन. दारावरचा ठिपका त्यांनी जवळून पाहिला, नखाने खरवडला. मग त्या आत गेल्या. सुतारांच्या बायकोने मान वळवली.

"या," ती म्हणाली. "तुम्ही दारात उभं राहून लिहिता त्या का?"

"नाही. मी बसून लिहिते."

"मग बसा."

पट्टीवाल्या बाईने घड्या सोडल्या, जखम पाहिली, नाकाजवळ कापड धरले नाही. तिने कडा दाबून पाहिल्या, आत सलाईनचे पाणी सोडले, पांढरे हाड दिसते का ते बघितले. ती हळू काम करत होती आणि सुतारांची बायको पहिल्यांदाच उशीत तोंड न घालता पडून होती.

"हात हलका आहे हो तुझा," ती म्हणाली.

पट्टीवाली उठून बाहेर आली. सुतार चौकटीला टेकून उभे होते.

"काका, दोन आठवड्यांपूर्वी मी हे घरी भरून काढलं असतं. रोज एक पट्टी आणि एक हवेची गादी, बस. आता विष अंगात जायला लागलंय. ताप आहे, तो तुम्हाला जाणवला नसेल. उद्या सकाळी न्यावं लागेल."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही."

"मला राहू देतील?"

"एक तास. चार ते पाच."

सकाळी गाडी आली. पाचही संस्थांची माणसे आली, हवेची गादी आली, पाण्याचे दोन हंडे आले. गल्लीत एवढी माणसे कित्येक दिवसांत जमली नव्हती. स्ट्रेचर दारातून काढताना सुतारांनी दोन्ही हातांनी तिचे डोके धरले होते.

"तुम्ही कोणाला नाही म्हणत नाही, हे मी बोललेच होते," ती म्हणाली. मग त्यांचा चेहरा पाहून, "जाऊ दे. शेगडीवरची राख काढत जा. आणि माझी वेणी कोणाला घालू देऊ नका, तिकडच्या बायका घट्ट बांधतात."

"मी कुठे असणार तिथे सांगायला?"

"चार ते पाच या वेळात सांगा."

गाडीत एकच जागा होती, ती पट्टीवालीला दिली. सुतारांची बस दुपारची होती. माणसे पांगली. वहिनी खडीवर जायला निघता निघता डोळे पुसत म्हणाली, "भाऊजी, मला एकदा सांगायचं तरी." सुतारांनी हात हलवला.

ते आत गेले. करायला काही नव्हते, म्हणून त्यांनी पलंगावरची गादी गुंडाळून उन्हात टाकली आणि फळी धुवायला घेतली. फळीला वास लागला होता. ती उभी केल्याशिवाय धुता येईना, म्हणून त्यांनी पाय सोडवून ती भिंतीला टेकवली.

नोंदवाल्या ताई अकराच्या सुमारास परत आल्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी गावातली सगळी दारे फिरून पाहिली होती. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि वही उघडली.

"हिरव्या यादीत एकसष्ट घरं आहेत. गावात हिरवे ठिपके बासष्ट. पांढऱ्याला यादी नसते, ठिपके पाहूनच विचारायला जातात. ते मागच्या महिन्यात एकशे चार होते, आता एकशे तीन. एक पांढरा गेला आणि एक हिरवा जास्त झाला. आम्ही समजलो, कोणाला तरी गरज लागली आणि कोणीतरी घेतलं. ठिपका लावणारा एकच माणूस आहे. त्याला विचारलं. तो म्हणतो, तुमच्या दाराला त्याने वर्षभरापूर्वी पांढरा लावला, त्यानंतर हात लावलेला नाही. आणि हा रंग जुना आहे, काका. खरवडला तर पापुद्रा निघाला. तुम्ही पाहिलात तेव्हा ओला होता का?"

"हात नाही लावला," सुतार म्हणाले. "मी सुतार. मी हात लावायला हवा होता."

"हे दार कधीचं आहे?"

सुतारांनी दाराकडे पाहिले. "हे माझं नाही. वीटभट्टीवाला गाव सोडून गेला ना, जाताना देऊन गेला. तुमच्या उपयोगाचं आहे म्हणाला. मागे पडवीत पडून होतं, धुळीने भरलेलं. ती पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हे चढवलं."

"आणि तुमचं?"

सुतारांनी मान आत भिंतीकडे वळवली. ताईंनी त्यांच्या नजरेच्या दिशेने पाहिले. भिंतीला टेकवलेल्या फळीवर बिजागऱ्यांच्या खाचा होत्या, कडी काढल्याची भोके होती, आणि वरच्या कोपऱ्यात, आजवर पलंगाच्या खालच्या अंगाला राहिलेला, बाटलीच्या बुचाएवढा पांढरा ठिपका होता.

"गुळगुळीत बाजू वर केली," सुतार म्हणाले. "तिला टोचायला नको म्हणून."

ताई उठल्या, जवळ जाऊन त्यांनी ठिपका पाहिला आणि पुन्हा उंबऱ्यावर येऊन बसल्या. त्या बराच वेळ लिहीत होत्या. गल्लीत शेळी ओरडली.

"चूक कोणाची लिहिलीत?" सुतारांनी विचारले.

"वहीत चुकीला रकाना नाही. कारणाला आहे."

"वाचा."

ताईंनी वाचले: "सुतारांनी पत्नीच्या पलंगासाठी फळी हवी म्हणून स्वतःच्या घराचे दार काढले. त्यावर पांढरा ठिपका होता. त्या जागी गाव सोडून गेलेल्या घराचे दार लावले. त्यावर हिरवा ठिपका होता. धूळ पुसल्यावर तो दिसू लागला. हिरव्या संस्थेने ते घर यादीतून आधीच काढलेले असल्यामुळे तिचे कोणी आले नाही. बाकीच्या चार संस्था हिरवा ठिपका पाहून दारातून परत गेल्या. पांढऱ्या ठिपक्याच्या घरी त्या महिन्यात चौकशीला जाण्याची तारीख पत्नी पडल्यापासून नवव्या दिवशी होती. तो ठिपका त्या दिवशी तिच्या पाठीखाली होता."